सात नंबरच्या काठीची मूठ

हे कोणी मानणार नाही, मला ठाऊक आहे. अख्ख्या शनिवार पेठेत माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवणारा एकच माणूस उरला होता. त्याला मी येरवड्याहून उडालेला गोल्फचा चेंडू हॉटेलवाल्या सूरजच्या मिसळीत पडल्याची हकिगत सांगितली, तेव्हापासून तोही समोरच्या फुटपाथवरून जातो. तरी सांगतो. कचऱ्याच्या डोंगरातून मी एका गेलेल्या माणसाच्या हाताची खूण परत आणलेली आहे.

मी बाळकाका. वय अडुसष्ट, लग्न राहून गेलेलं, धंदा गोल्फच्या काठ्या दुरुस्त करण्याचा. गोल्फ खेळणारे नदीपलीकडे आणि दुकान शनिवार पेठेत जिन्याखाली, यावरचे सगळे विनोद लोकांचे करून झालेले आहेत. काठीचं डोकं बसवायचं, दांडा बदलायचा आणि मुख्य म्हणजे मूठ चढवायची. जुनी रबरी मूठ वाकड्या पात्याने उभी चिरायची, केळ्यासारखी सोलायची, टाकायची. नव्या मुठीत स्पिरिट ओतून ती एका दमात दांड्यावर सारायची. मध्ये श्वास घेतलात तर अर्ध्यात अडकते. आयुष्यात मी एवढं एकच काम न अडखळता केलं असेल.

मुठीवरून माणूस कळतो. गोल्फ खेळणाऱ्याचा वरच्या हाताचा अंगठा जिथे टेकतो, तिथे रबर झिजून खळगा पडतो. असे शेकडो खळगे मी चिरून फेकले. कोणाचं काही अडलं नाही.

गेल्या जानेवारीत, एका मळभट दुपारी, वासंतीबाई दारात आल्या. राखाडी शाल, चष्म्यावर धूळ, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांब.

"छत्रीवाल्याने पाठवलं," त्या म्हणाल्या. "लांब दांड्याचं काही असेल तर खाली बाळकाकांकडे जा म्हणाला."

"काय झालंय?"

"डोकं हलतंय." मग माझ्याकडे जरा निरखून पाहत, "काठीचं म्हणतेय... सध्या तरी."

मी कागद सोडला. सात नंबरची लोखंडी काठी. बरी होती.

"साहेब खेळायचे वाटतं?"

"यांची काठी आहे," त्या म्हणाल्या. "मागच्या पावसाळ्यात हे गेले."

त्यांची नजर माझ्या फोनकडे गेली. टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून मी मॅच लावली होती, ती बघताना त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं... दिवा लागावा आणि लगेच कोणीतरी विझवावा तसं.

"शून्य-एक," मी उत्साहाने सांगितलं. "आत्ताच झाला गोल."

"सांगायचं नव्हतंत. घरी जाऊन बघणार होते मी." धायरीला परतायला त्यांना बसने तास लागणार होता. "आता बसमध्ये कशाचा विचार करू?"

फुटबॉलचं वेड असलेली बाई माझ्या दुकानात पहिल्यांदाच आली होती, आणि पाच मिनिटांत मी तिची संध्याकाळ नासवली होती.

भरपाई करायची म्हणून मी त्या रात्री जरा जास्तच मन लावून काम केलं. डोकं पक्कं बसवलं. दांडा चमकवला. आणि हाताच्या सवयीने, कोणी न सांगता, जुनी मूठ चिरून टाकली आणि नवी कोरी जपानी मूठ चढवली. फुकट. जुन्या मुठीकडे नजरसुद्धा टाकली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काठी हातात घेतली आणि तळहात मुठीवरून फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. अंधारात दिव्याचं बटण शोधावं तसा.

"जुनी कुठंय?"

"ती अगदी झिजली होती हो. मी..."

"त्यांच्या हाताने झिजली होती," त्या म्हणाल्या. "घरात तेवढंच राहिलं होतं हाताला लागणारं."

रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मी पाणी तरी दिलं असतं. सकाळची घंटागाडी केव्हाच निघून गेली होती.

"मी आणतो," मी म्हणालो.

"कुठून?"

"आणतो म्हटलं ना. काठी ठेवून जा."

आता पुढचं ऐका. मी घंटागाडीचा माग काढत डेपोवर गेलो. तिथे कचऱ्याचा एक डोंगर, त्यावर घारी, खाली धूर. तीन तास उपसल्यावर यमुनाबाई नावाची कचरा वेचणारी बाई भेटली. तिच्या हातात लोखंडी आकडा, आणि आकड्याच्या दांड्याला दोरीने करकचून बांधलेली माझीच चिरलेली मूठ. "सोडायची न्हाय," ती म्हणाली, "हाताला लई ग्वाड लागतीया." शेवटी तिच्या आकड्याला मी नवी मूठ बसवून दिली, स्पिरिट ओतून, एका दमात. आज त्या डेपोवर एक आकडा असा आहे, की तो पाहून नदीपलीकडचे साहेब लाजतील. जुनी मूठ घेऊन आलो, डिंकाने सांधली, सांधा दिसू दिला नाही. डिंक वाळायला एकवीस दिवस लागले.

या एकवीस दिवसांत वासंतीबाई पाच-सहा वेळा येऊन गेल्या.

"झालं?"

"वाळतोय."

"आणि अंगठ्याला पट्टी कसली?"

"काच लागली. डेपोवर."

"हं," त्या म्हणायच्या, आणि पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवायच्या. कधी मटार उसळ, कधी गुळाची पोळी. डब्यावर चिकटपट्टी, तिच्यावर गणिताच्या बाईंच्या रेखीव अक्षरात: 'परत करणे.' तीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं.

बाविसाव्या दिवशी मी काठी त्यांच्या हातात दिली. मुठीवर खळगा होता, जिथे असायला हवा तिथेच. त्यांचं बोट त्यावर आलं, थांबलं. मग त्यांनी हळूच आपला अंगठा त्यात बसवला. बाहेर भाजीवाला दोनदा ओरडून गेला.

"बसतोय," त्या म्हणाल्या. आवाज जरासा फाटला होता.

मी स्पिरिटच्या बाटलीचं बूच उगाच काढलं आणि लावलं. गेलेला माणूस परत दिल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्या माणसाचा मला चक्क हेवा वाटला.

त्यानंतर रविवार सुरू झाले. सूरजच्या दुकानात सकाळी नऊला, कोपऱ्यातल्या टेबलावर, दोन मिसळी. शनिवारची मॅच कोणीही बघायची नाही, निकाल विचारायचा नाही. रविवारी त्यांचा फोन स्टीलच्या ग्लासला टेकवून दोघांनी मिळून बघायची, हा नियम त्यांचा. मी तो दर शनिवारी मोडत असे. काठी त्या बरोबर आणायच्या, मांडीवर आडवी ठेवायच्या, आणि आपला गोलकीपर पुढे सरसावला की अंगठा त्या खळग्यात जायचा. मी मॅच कमी आणि तो अंगठा जास्त बघायचो.

"सँपलचा रस्सा तिखट आहे आज," मी म्हणायचो.

"मग तुमच्या डोळ्यांत पाणी गोल व्हायच्या आधीच कसं आलं? काल बघितलीत ना मॅच?"

एकदा पेनल्टीच्या वेळी त्यांचा हात माझ्या हातावर आला. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला तरी त्यांनी हात काढला नाही... अर्धा मिनिट असेल. मी मोजलं नाही. मोजलं असतं तर कमी भरलं असतं.

मग सप्टेंबर आला. त्यांच्या लेकीने, उत्कर्षाने, बंगळुरूहून सांगितलं की आता एकटं राहायचं नाही. धायरीचा फ्लॅट भाड्याने द्यायचं ठरलं. पुढच्या रविवारनंतरच्या गुरुवारी सामानाचा टेम्पो. मला हे त्यांनी मिसळ संपता संपता सांगितलं, दह्याची वाटी पुसत.

"बरं होईल," मी म्हणालो. "हवा छान असते तिकडे."

"तुम्ही गेलायत?"

"दोनदा." एकदाही गेलेलो नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आठवडाभर मी दुकानात बसून एक वाक्य जुळवत होतो, आणि ते दर वेळी अर्ध्यात अडकत होतं.

काल शेवटचा रविवार. पाऊस धड पडत नव्हता, थांबतही नव्हता. दुकानात ओल्या चपलांचा आणि तळणीचा वास. ग्लासला टेकवलेल्या फोनवर मॅच चालली होती, पण आम्ही दोघंही ती बघत नव्हतो. सूरज सँपलचं भांडं घेऊन आला.

"काका, बाई चालल्या. काठीची गोष्ट सांगा की एकदा. मी अर्धीच ऐकलीय."

मनात असतं ते बोलता येत नसलं की मी गोष्ट सांगतो. सांगितली. डोंगर, घारी, धूर. यमुनाबाई. आकडा. या वेळी मी यमुनाबाईला एक बकरीही दिली आणि मूठ त्या बकरीच्या गळ्यात बांधली.

"मागच्या वेळी आकड्याला होती," वासंतीबाई म्हणाल्या.

"आधी आकड्याला, मग बकरीच्या..."

"अहो, पुरे." त्यांनी काठी मांडीवरून उचलून टेबलावर ठेवली. "हे आयुष्यात कधी गोल्फ खेळले नाहीत. कंपनीच्या सोडतीत मिळाली होती ही. मॅच लागली की खुर्चीत बसून हिच्या टोकावर तळहात ठेवायचे आणि गोल हुकला की फरशीवर आपटायचे. डोकं हललं ते त्याने. झिजलं होतं ते फक्त टोक. खळगा नव्हताच, बाळकाका. कुठेच नव्हता."

सूरज भांडं हातात धरून तसाच उभा राहिला. मी माझ्या अंगठ्याकडे बघितलं. कातडी अजून तिथे जाड आहे.

"डेपोची धूळ तुमच्या चपलेला एक दिवसही लागली नव्हती. अंगठ्यावर पट्टी मात्र एकवीस दिवस, रबर घासून घासून." त्यांनी आपला अंगठा सवयीने खळग्यात ठेवला. "पहिल्या दिवशीच कळलं मला. आठ महिने मी तुमचाच अंगठा धरून मॅच बघतेय. आता तरी खरं काय ते बोला. टेम्पो हवा की नको, ते टेम्पोवाल्याला बारापर्यंत कळवायचंय."