बंद डबीतले हिरवे डाग

पोहायला जायचं ठरलं होतं. टॉवेल पिशवीत गेले होते, ढब्बूने तर घरूनच कपड्यांच्या आत पोहायची चड्डी घातली होती. आत्याला अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली की निघायचं, एवढंच बाकी होतं. तेवढ्यात जाड चष्म्याचे एक आजोबा आत्याच्या कार्यालयात शिरले. त्यांनी तिथल्या प्रमुख मॅडमच्या टेबलावर पाच डब्या ओळीने मांडल्या आणि विचारलं, "बंद डबीतलं नाणं आजारी पडलंच कसं?"

मागच्या खोलीत बसलेल्या तिन्ही मुलांनी कान टवकारले. पोहणं बोंबललं, हे ताईला तिथेच कळून चुकलं.

ताई तेरा वर्षांची. ढब्बू तिचा धाकटा भाऊ, आणि तो ताई म्हणतो म्हणून सगळेच तिला ताई म्हणायचे. दोघं सुट्टीला आत्याकडे आली होती. तिसरी होती आत्याची मुलगी. ती कुठल्याही गोष्टीवर "पण का?" असं विचारून समोरच्याला भंडावून सोडायची, म्हणून तिला सगळे वकील म्हणत. घरी बघायला कुणी नाही, तेव्हा कशालाही हात लावायचा नाही या अटीवर मॅडमनी तिघांना कार्यालयात बसू दिलं होतं.

कार्यालय मोठं गमतीचं होतं. लोक तिथे जुनी नाणी पाठवायचे. जुनी म्हणजे आजोबांच्या वेळची नव्हेत, दोन-दोन हजार वर्षांपूर्वीची, हाताने हातोडा मारून पाडलेली. आधी त्यांचं वजन व्हायचं, मग फोटो. मग नाण्यांचे जाणकार भिंगकाका ते नाणं खरं की खोटं, किती झिजलंय, छाप मधोमध बसलाय का, हे बघून त्याचा दर्जा ठरवायचे. शेवटी आत्या ते नाणं मऊ पांढऱ्या कड्यात बसवून पारदर्शक डबीत बंद करायची. तिच्या यंत्राने डबीची दोन झाकणं अशी चिकटायची, की पुन्हा उघडायची तर डबी फोडावीच लागे. आणि इथला एक नियम भारी होता. नाणं कुणाचं आहे, हे दर्जा ठरेपर्यंत भिंगकाकांना कुणी सांगायचं नाही. राजाचं असो की रंकाचं, बघायचं ते फक्त नाणं.

आजोबांची पाचही नाणी तांब्याची होती, एका बाजूला बैल असलेली. दोन महिन्यांपूर्वी इथूनच डबीबंद होऊन गेली होती. आता प्रत्येकावर फिकट हिरवी भुकटी धरली होती. ही भुकटी म्हणजे नाण्याचा रोगच, वेळीच थांबवला नाही तर नाण्याचा चुरा होतो, असं आजोबा सांगत होते. ते चिडले नव्हते, पण त्यांचा आवाज कापत होता. ती नाणी त्यांच्या थोरल्या भावाने आयुष्यभर जमवलेली होती आणि भाऊ आता राहिला नव्हता.

मॅडमनी भिंगकाकांना बोलावलं. त्यांच्या गळ्यात काळ्या दोरीने एक भिंग कायम लोंबकळत असे. त्यांनी ते डोळ्याला लावलं, डब्या फिरवून पाहिल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मी पाहिली तेव्हा नाणी निरोगी होती. माझ्यानंतर ती फक्त डबी बंद करणाऱ्या बाईंकडे जातात. ओल्या हाताने हाताळली असणार, दुसरं काय?"

आत्याने आपले हातमोजे पुढे करून दाखवले, पण तिकडे कुणी पाहिलंच नाही. मॅडमनी डब्या ठेवून घेतल्या आणि आजोबांना पुढच्या शनिवारी बोलावलं. ते गेल्यावर त्यांनी आत्यालाही स्पष्ट सांगितलं, की शनिवारपर्यंत दुसरं काही कारण सापडलं नाही, तर तिला कामावर ठेवता येणार नाही.

 घरात मिळवतं माणूस एकच, आणि ते म्हणजे आत्या. त्या रात्री जेवताना वकील ताट बाजूला सारत हळूच म्हणाली, "आईची नोकरी गेली तर आम्हाला हे घर सोडावं लागेल. माझी शाळापण."

"चोर सोडून संन्याशाला फाशी," ढब्बू म्हणाला. ही म्हण तो नुकतीच शिकला होता आणि मिळेल तिथे वापरत होता. या वेळी मात्र ती चपखल बसली.

दुसऱ्या दिवशी ताईने पाचही डब्या बघू देण्याची मॅडमकडे परवानगी मागितली. डब्या बंदच होत्या, तेव्हा मॅडमनी हरकत घेतली नाही. मुलांनी त्या खिडकीपाशी नेल्या. ढब्बूचं म्हणणं, आजोबांनीच डबी उघडली असणार. पण जोडावर ओरखडासुद्धा नव्हता. वकीलबाईंना पांढऱ्या कड्याचा संशय आला. तोही तिने स्वतःच खोडून काढला. कड्यात वाईट काही असतं तर हिरवा रंग नाण्याभोवती सगळीकडे धरला असता.

 ताई एकेक डबी हळूहळू फिरवत होती. पाचव्या डबीनंतर तिने पुन्हा पहिली उचलली.

"डाग दोन-दोनच आहेत," ती म्हणाली. "दोन्ही कडेवर, अगदी समोरासमोर. एक मोठा, एक लहान."

तिने खिशातून एक सुटं नाणं काढलं आणि अंगठा आणि बोट यांच्यामध्ये कडेने धरलं. मोठ्या डागाच्या जागी अंगठा, लहान डागाच्या जागी बोट. जागा तंतोतंत जुळत होत्या.

आता चक्रं भराभर फिरली. नाणं उघड्या हाताने धरतं कोण? वजन करणारी मुलगी नाणं रबराच्या चिमट्याने उचलायची. फोटोवाला दादा तबकावरून तबकावर सरकवायचा. आत्या तर हातमोजे घातल्याशिवाय यंत्रापाशी बसायचीच नाही. राहता राहिले भिंगकाका. हातमोजा घातला की नाणं बोटांना कळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून ते कायम उघड्या हाताने, कडेने धरायचे. जुने जाणकार असंच धरतात, असं आत्यानेही सांगितलं होतं.

"पण का?" वकीलने विचारलं. "एवढी वर्षं ते असंच धरतायत. मग आत्ताच डाग का पडावेत?"

यावर ढब्बू एकदम गप्प झाला आणि बुटाच्या नाड्यांशी चाळा करू लागला. ढब्बू गप्प म्हणजे दाल में नक्कीच काहीतरी काळं. ताईने डोळे वटारले तेव्हा कुठे सत्य बाहेर आलं. भिंगकाकांच्या खणात खाऱ्या शेंगदाण्यांची बरणी होती. पोट रिकामं ठेवू नका, असं डॉक्टरांनी त्यांना तीन-चार महिन्यांपूर्वी बजावलं होतं. म्हणून काम करता करता ते दोन-दोन दाणे तोंडात टाकायचे. नाण्यांच्या खोलीत खायला बंदी होती, पण भिंगकाकांना सांगणार कोण? आणि हे ढब्बूला कसं ठाऊक? तर रोज मूठभर दाणे त्यालाही मिळत होते.

"अरे, मग आधी बोलायला काय झालं होतं?" ताई म्हणाली.

"तू बंद केले असतेस," ढब्बू म्हणाला, आणि ते खरंच होतं.

मीठ. तांब्याला मीठ लागलं, वर दमट हवा मिळाली, की हिरवं धरतं, हे ताई शाळेत शिकली होती. डबी घट्ट असली तरी हवाबंद नसते. आजोबांचं कपाट ओल धरलेल्या भिंतीला लागून होतं, हे त्यांनीच बोलता बोलता सांगितलं होतं. ओल बाहेरून आत शिरू शकते. मीठ मात्र शिरू शकत नाही, म्हणजे ते आधीपासूनच आत होतं.

ढब्बू लगेच मॅडमकडे धावत सुटला होता. वकीलने त्याला शर्टाला धरून मागे ओढलं. पुरावा कुठे आहे? उद्या भिंगकाका म्हणतील, पोरांना काय कळतंय, आणि मग तोंड उघडायचीही सोय राहणार नाही.

म्हणून पुरावा तयार करायचं ठरलं. गल्लीच्या टोकाला मोटारी दुरुस्त करणारे एक काका होते. त्यांनी तांब्याचे चार जुने वॉशर दिले. मुलांनी ते साबणाने घासून, पुसून लख्ख केले आणि कुठला कुणी धरला ते कळावं म्हणून पाठीवर खिळ्याने खुणा कोरल्या. मग ताई दुपारी भिंगकाकांकडे गेली आणि नाणं कसं धरायचं ते शिकवाल का, असं तिने विचारलं. भिंगकाका खूश झाले. वॉशर उचलून त्यांनी कडेने कसा धरायचा, प्रकाशाकडे कसा कलता करायचा, हे सगळं मन लावून दाखवलं. समोर बरणी उघडीच होती. वकीलने दुसरा वॉशर फोटोवाल्या दादाकडून धरवून घेतला आणि तिसरा हातमोजे घातलेल्या आत्याकडून. चौथ्याला कुणीच हात लावला नाही. हा खटाटोप कशासाठी, याबाबत मोठ्यांना ताकास तूर लागू दिली नाही.

चारही वॉशर जेवणाच्या एका रिकाम्या डब्यात ठेवले, सोबत ओल्या कापसाचा बोळा. झाकणाला चिकटपट्टी लावून वकीलने तिच्यावर मॅडमची सही घेतली, म्हणजे मधेच कुणी उघडला असं म्हणायला जागा नको. मॅडमनी हसत सही केली आणि डबा कपाटावर ठेवू दिला. नंतरचे दिवस ढब्बूने त्या कपाटाखाली घिरट्या घालण्यात काढले. ताईलाही धाकधूक होतीच. डाग पडलेच नाहीत तर?

शनिवारी आजोबा आले. आत्या दाराशी उभी होती, नुकतीच यंत्रावरून उठलेली, हातात अजून हातमोजे. ताईने डबा टेबलावर ठेवला. तिने फक्त एवढंच सांगितलं, की यात चार तांब्याचे तुकडे आहेत आणि भिंगकाकांनी त्यांचा दर्जा ठरवावा. कुणाचे आहेत ते आत्ता सांगणार नाही, कारण इथला नियमच तसा आहे.

मॅडमनी सही तपासली आणि पट्टी फाडली. भिंगकाकांनी चिमटा घेतला, भिंग लावलं. तुकडे डब्यात सरमिसळ झाले होते; हाती आला तो पहिला पाहिला. चांगला. दुसरा थोडा काळवंडलेला, पण चांगला. तिसरा त्यांनी बराच वेळ फिरवला आणि बाजूला ठेवला. चौथाही चांगला निघाला. मग ते पुन्हा तिसऱ्याकडे वळले.

"हा खराब," ते म्हणाले. "कडेवर दोन हिरवे डाग, समोरासमोर. खारट हाताने धरलेला दिसतोय. असला निष्काळजीपणा केला कुणी?"

ताईने तुकडा उलटून पाठीवरची खूण दाखवली. मग ती म्हणाली, "काका, तो तुम्ही धरला होता."

भिंगकाकांनी भिंग डोळ्यावरून काढलं नाही. तो वॉशर त्यांनी आजोबांच्या एका डबीशेजारी धरला. यातला मोठा डाग, त्यातला मोठा डाग. यातला लहान, त्यातला लहान.  मग त्यांनी स्वतःची बोटं नाकाशी नेली, आणि त्यांचा चेहरा पार उतरला.

ते रागावतील असं मुलांना वाटलं होतं. पण नाण्याबद्दल खोटं बोलणाऱ्यांतला तो माणूस नव्हता. ते उठले आणि आधी आजोबांकडे नाही, मॅडमकडे नाही, थेट दाराशी गेले.

"बाई, चूक माझी आहे," ते आत्याला म्हणाले. "न तपासता मी तुमच्यावर खापर फोडलं, तेही चारचौघांत. म्हणून माफीही चारचौघांत मागतो."

मग त्यांनी आजोबांना सांगितलं, की रोग अजून कडेवरच आहे, नाणी वाचतील. डब्या फोडून ते स्वतः नाण्यांवर उपचार करून घेतील आणि नीट वाळवून परत देतील. आजोबांनी चष्मा काढून पुसला. भाऊ असता तर या पोरांना सगळा संग्रह उघडून दाखवला असता, असं ते म्हणाले, आणि तिघांना घरी यायचं आमंत्रण दिलं. मॅडमनी तिघांची पाठ थोपटली, इतकं नेटकं काम मोठ्यांनाही जमलं नसतं, असं कबूल केलं आणि भिंगकाकांच्या खणातली दाण्यांची बरणी उचलून नाण्यांच्या खोलीबाहेर ठेवली. आत्याची नोकरी जाणार नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

 वकील सरळ जाऊन आईच्या कमरेला बिलगली आणि हुंदके देऊन रडायला लागली. आत्याचे हात हवेतच राहिले. मग तिने एकेक करून दोन्ही हातमोजे काढले, खिशात कोंबले आणि उघड्या हातांनी लेकीला घट्ट जवळ घेतलं.