तेलवाडीचं गाऱ्हाणं

भांडुप स्टेशनवरून पश्चिमेला येताना रिक्षावाल्याला ‘तेलवाडी’ म्हटलं की पुरतं. गिरणी बंद पडून कैक वर्षं झाली, तरी नाव बदललं नाही. शेंगदाणा तेलाची गिरणी, तिच्याभोवती कामगारांच्या चाळी, मधे मारुती, बालवाडी, पिठाची चक्की. कोकणातून आलेल्या माणसांनी उभं केलेलं हे गाव यंदा पंचाहत्तर वर्षांचं झालं, आणि त्याचा वाढदिवस साजरा करायला पुढे आला कोण? बिल्डर. चोरानं घराची वास्तुशांत करावी, तसलाच प्रकार.

कमानीवर त्याचा फोटो आणि शेजारी वाडीच्या समितीचे अध्यक्ष चंद्रप्रकाश. हे गिरणीत सुपरवायझर होते. मी लहान असताना त्यांनी माझ्या वडिलांना, बाबली पेडणेकरांना, जमिनीखालच्या टाकीतला गाळ काढायला उतरवलं. बाबा वर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी वाडीला सांगण्यात आलं की बाबली मागच्या गेटनं पळून गेला. मग टाकी गळते म्हणून तिच्यावर काँक्रीट ओतलं. मी मुलुंडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. बंद टाकीतला गाळ आतला प्राणवायू कसा संपवतो, हे मी फळ्यावर मांडून दाखवीन. पण आई अजून कुंकू लावते. नवरा मेला असं कुणी कबूल करत नाही, मग ती काय करणार? आणि या माणसाच्या गळ्यात हार घालताना लोकांना लाजसुद्धा वाटत नाही.

समारंभ संध्याकाळी, नेमका त्या टाकीवरच. वर नवे पेव्हर ब्लॉक बसवले होते. सकाळी शेजारची श्वेता तिथे रांगोळी काढत होती.

“ताई, रंग धरतच नाहीये बघ ना. खालून तेल येतंय.”

“उन्हानं जुनं मुरलेलं वर येत असेल गं,” मी म्हटलं आणि बोट लावलं. मुरलेलं तेल चिकट, खवट असायला हवं. हे पातळ होतं. ताज्या घाण्याचा गोडसर वास येत होता, आणि ते कोमट होतं. आम्ही लाकडाचा भुसा पसरला. जेवून परत आलो तर भुसा भिजून चिखल झाला होता. श्वेतानं रांगोळीचा डबा उचलला आणि घरी गेली.

वाढदिवसाला धोंडू घाडी जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालतो, ही वाडीची जुनी रीत. त्याचं एकेक वाक्य ‘म्हाराजा’नं संपतं आणि सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. आमच्या माणसांना हे इतकं अंगवळणी पडलंय की मधलं कुणी ऐकत नाही. पण गाऱ्हाण्यात खोटं बोलायचं नसतं. चारचौघांनी ‘व्हय’ म्हटलं की देवाच्या दरबारी ते ठरलं. यंदा काय बोलायचं ते चंद्रप्रकाशांनी धोंडूकाकांना पढवून ठेवलं होतं. बिल्डरचा टॉवर इथेच उभा राहणार, घर घेणाऱ्यांच्या मनात किंतू नको.

“काका, तुम्ही हे बोलणार?” मी विचारलं.

“गो बाय,” ते खाली बघत म्हणाले, “माका पण टॉवरात खोली व्हयी.”

तळपायाची आग मस्तकात गेली. तरी आईसाठी मी पहिल्या रांगेत बसले. खुर्च्यांखाली फरशी ओली दिसत होती. बिल्डरचं भाषण चालू असताना लोक पाय उचलून चपला पुसत होते. तेलाचा वास इतका भरला होता की घसा तेलकट वाटत होता.

धोंडूकाका उठले.

“बा देवा राखणदारा म्हाराजा! आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ही जागा निर्मळ आसा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“हय कोणाचो जीव गेलो नाय म्हाराजा! जो कोण गेलो, तो आपल्या पायान गेलो म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

त्यात आईचा आवाज होता. सवयीनं गेला तो. लगेच तिनं पदर तोंडात कोंबला.

मी उठले आणि माईक हिसकावून घेतला.

“बाबली पेडणेकर पळान गेलो नाय म्हाराजा! तो हय, ह्या टाकीत मेलो म्हाराजा!”

चंद्रप्रकाश हसून म्हणाले, “पोरी, बस खाली. तमाशा नको.”

तेवढ्यात उत्तर आलं.

“व्हय म्हाराजा.”

एकच आवाज. रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलावं तसा घुमलेला. तो माझ्या पायांखालून आला होता.

आई उभी राहिली. “ह्यांचाच,” ती म्हणाली.

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण इतक्या वर्षांचा संताप होता तो, मला आवरला नाही.

“ज्यान तेका उतरवल्यान, तोच तेका आणूक खाली जांवदे म्हाराजा!”

माझ्यामागे वाडीतल्या एकाचंही तोंड उघडं नव्हतं.

“व्हय म्हाराजा,” खालून आलं. या वेळी आवाज पुष्कळ होते.

चंद्रप्रकाशांचं हसू तसंच राहिलं. त्यांनी गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला. बूट काढले. मोजे काढून त्यात नीट खोचले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

मग आमच्याकडे तोंड करून ते ओणवे झाले, एक पाय मागे सोडला आणि फरशीवर काहीतरी चाचपलं.

“शिडी नीट धर रे, बाबली.”