बर्फवाल्या मडमेची गाडी

सन दोन हजार दोन. वैशाखातली दुपार हिंगणीच्या शिवारावर अशी बसली होती, की कावळाही सावलीबाहेर पाय टाकत नव्हता. नेमक्या अशा वेळी, बोर धरणाच्या रस्त्यावर, गजेंद्रच्या मोटारसायकलनं प्राण सोडला.

गजेंद्र देवळीचा, फ्रिज दुरुस्त करणारा. घशाला कोरड पडलेली. समोर कडुनिंबाखाली एक लांबोडकी पांढरी गाडी उभी होती, खिडक्यांना पडदे असलेली. त्यानं दारावर टकटक केली. आतून कुणीतरी उसासा टाकला... लांब, गार उसासा. चव्वेचाळीस डिग्रीच्या उन्हात त्याच्या मानेवरचा घाम थंड पडला.

"कोण पायजे?" आवाज मात्र पाठीमागून आला.

तो गर्रकन वळला. समोर एक तरुणी : हातात पाना, गालावर ग्रीसचा पट्टा, आणि डोळे असे की माणसानं तहानच विसरावी.

"पाणी मिळन का जी? आतल्या माणसाले मागतलं, तर तो नुसता उसासे टाकून राह्यला."

"आत कोणीच नाई," ती म्हणाली. आणि हसली नाही.

ती प्रेरणा. गाडी एका गोऱ्या म्हातारीची. बाई गाडीतच रांधायची, गाडीतच झोपायची आणि उन्हाळ्यात गावच्या पोरांना बर्फाचे खडे वाटायची. म्हणून ती बर्फवाली मडम. कुणाची तरी वाट पाहत होती म्हणे. तो आला नाही, शेवटी मडमच देवाघरी गेली. तिचा फ्रिज कुणीतरी उपटून नेला आणि त्या जागी नुसती काळोखी पोकळी उरली. धरणावर येणाऱ्या पाहुण्यांना राहायला द्यायची म्हणून प्रेरणानं वडिलांच्या मागे लागून ही गाडी घेतली होती. नागपूरच्या भंगारबाजारातून तसलाच, गॅसवर चालणारा फ्रिजही आणला होता. पण मडमेच्या पोकळीत हात घालायला कुणी तयार होईना. वडील दौलतराव स्पष्टच बोलले होते : रविवारी पहिले पाहुणे येणार, तोवर बर्फ जमला नाही तर गाडी भंगारात.

"आगीवर बर्फ जमते, माईत हाय का तुमाले?" फ्रिज दाखवत प्रेरणानं विचारलं.

"आयकून होतो," तिच्याकडेच पाहत गजेंद्र म्हणाला. "आज पटलं."

फ्रिजचा मिस्त्री आयता सापडल्यावर तिनं काम त्याच्याच गळ्यात घातलं आणि दोन दिवस तो खपला. फ्रिज पाणसळ लावून अगदी सरळ बसवला, कारण जरासा कलला की हा फ्रिज रुसतो. त्याच्यामागे, गाडीच्या पत्र्यात दोन झरोके : खालच्यातून गार हवा आत यायची, वरच्यातून ज्योतीचा धूर आणि ऊब बाहेर जायची. आतल्या बाजूची फट न् फट मात्र त्यानं बुजवली.

"इतकं काऊन?"

"हा धूर आत भरला, तर झोपलेला माणूस झोपलेलाच राह्यते."

मग प्रेरणानं गॅसच्या नळीच्या सांध्यांना साबणाचा फेस लावला. बुडबुडा दिसला तर गळती. दोघं वाकून पाहत होती. एक सांधा... दुसरा... तिसऱ्यावर बोटांना बोटं लागली.

"बुडबुडा आला का?"

"नाई..."

"मंग हात काऊन धरला जी?"

"फेस हाय ना. सरकू नये म्हणून."

बुधवारी दुपारी ज्योत लागली, निळी आणि मोराच्या मानेसारखी. संध्याकाळी पाहिलं तर विझलेली.

"बाप्पा बाप्पा!" प्रेरणाची आत्या धुरपता कपाळाला हात लावून म्हणाली, "मडमेले नाई आवडलं!"

गुरुवारी पुन्हा लावली. दुपारपर्यंत विझली. शुक्रवारी तर तासभरही टिकली नाही. आणि दर वेळी त्या फ्रिजमागून तोच उसासा, जणू कुणी काचेवर फुंकर घालतंय. गजेंद्रचा पाय दाराकडे वळायचा, पण प्रेरणा शेजारी उभी असायची, म्हणून पळताही येईना.

शेवटी तो शिडी लावून मागच्या बाजूला चढला. पाहतो तर काय! वरच्या झरोक्यावर लिंबू-मिरच्यांच्या तीन माळा, एक काळी बाहुली, फाटकी चप्पल आणि सगळ्यावरून गच्च ताणून बांधलेलं काळं लुगडं.

"आत्याबाई, हे तुमी बांधलं?"

"मंग! पयल्या दिवशी एक माळ बांधली. ज्योत विझली, तशी वाढवत गेली. तिच्या तोंडावरच बांधलं ना! तिथूनच उसासे टाकते ते."

गजेंद्रनं डोक्याला हात लावला. धुराची वाटच बंद! ज्योत बिचारी घुसमटून मरत होती, आणि ती मेली की आत्या आणखी एक माळ चढवत होती. त्यानं सगळं सोडलं आणि पुढच्या बंपरला बांधून दिलं.

"समोरून येनाऱ्या भुतासाठी," तो म्हणाला. आत्याचं समाधान झालं.

शनिवारी बर्फ जमला. दौलतरावांनी खडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि मान हलवली. गाडी वाचली.

"झालं तुमचं काम," प्रेरणा म्हणाली.

"हाव. झालं."

तरी त्यानं हत्यारांची पिशवी दोनदा बांधली, दोनदा सोडली. मग तो गेला. जायचंच होतं.

रविवारी सकाळी देवळीच्या दुकानात फोन : "ज्योत विझली. पाहुणे चार वाजता येतेत. लवकर येजा."

गजेंद्र वाऱ्यासारखा आला. खालच्या झरोक्यातून डोकावला. ज्योत मजेत जळत होती, निळीशार. तो मनात हसला. अर्धा तास उगाच पक्कड वाजवत बसला.

"बिघाड मोठा हाय," तो म्हणाला. "महिना तरी लागन."

"महिनाच?" ती पुटपुटली.

"खरं सांगा... विझलीच नवती ना? मले बोलवाचं होतं म्हणून..."

प्रेरणाचे कान लाल झाले. "खोटं नाई बोलत मी! विझली होती. मीच विझवली, सकाळी. तुमी यावं म्हणून... हे पाहा!"

तिनं ओढणीची गाठ सोडली. आत सिलिंडरचा रेग्युलेटर होता.

गजेंद्रनं रेग्युलेटरकडे पाहिलं. मग सिलिंडरकडे. त्याच्या तोंडावर टोपण घट्ट बसलेलं होतं.

"मंग... ते काय जळून राह्यलं?"

दोघं खालच्या झरोक्याशी वाकली, गालाला गाल लागेपर्यंत. ज्योत होती. निळी, स्थिर, गॅसच्या थेंबाशिवाय. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आतून गारेगार हवा येत होती.

"ती वाट पाहून राह्यली होती ना..." प्रेरणा कुजबुजली. "कोणीतरी यावं म्हणून."

"आलं ना," गजेंद्र म्हणाला. "मी आलो. आता जात बी नाई."

आतून उसासा आला. पण या वेळचा वेगळा, दिवसभराचं ओझं उतरवून टेकणाऱ्या माणसासारखा. ज्योत एकदा वर उसळली, लहान झाली आणि मिटली. पुन्हा कधी ती आपणहून लागली नाही.

खूप वेळानं प्रेरणानं खाली पाहिलं.

"आता तर फेस बी नाई. मंग हात काऊन धरला जी?"

"सरकू नये म्हणून."