ग्रहामागची सावली

खासगी चौकशीची कामं करणाऱ्या महामाया बिराजदारांकडे लातुरात येणारी गिऱ्हाइकं बहुतेक सोयरिकीची. मुलगा पितो का, सांगितलेली जमीन खरंच त्याच्या नावावर आहे का, एवढंच त्यांना हवं असतं. त्यामुळे अहमदपूरहून एसटीने आलेली शिवकन्या 'दोन ग्रह दाखवायचेत' म्हणाली, तेव्हा त्यांचा मदतनीस भागवत पंचांग शोधायला लागला.

ग्रह छापील चित्रांतले होते. पहिलं चित्र शिवकन्येचं. काळ्या अवकाशात चांदण्यांचा सडा, मधोमध करडा खडबडीत ग्रह आणि त्याचा खालचा अर्धा भाग झाकणारं निळं धुकं. गिम्प नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर तिने ते घरी बसून केलं होतं. नांदेडच्या एका नव्या विज्ञान दालनाच्या स्पर्धेत ते पहिलं आलं आणि दालनाच्या सगळ्या भिंतींची चित्रं करायचं काम तिला मिळालं.

मग कुणीतरी निनावी मेलने दालनाला दुसरं चित्र पाठवलं. हे दोन वर्षांपूर्वीचं परदेशी चित्र आहे आणि शिवकन्येने ते चोरलं, असा आरोप. ग्रह तसाच, पण धुकं नाही, आणि ग्रहाच्या मागे मऊ काळी सावली.

"हे जास्त उठून दिसतंय," भागवत म्हणाला. महामायाबाईंनी त्याला चहा सांगायला पाठवलं.

"सांजच्यापतोर खुलासा न्हाई दिला तर काम दुसऱ्या नंबराला जातंय," शिवकन्या म्हणाली. "आमचे मालक म्हनले, सोडून दे. पर बाई, आयुष्यात पयल्यांदा माझं म्हनून काही झालतं."

महामायाबाईंनी चित्र कसं केलं ते विचारलं. काळ्या पडद्यावर ठिपक्यांची धूळ उडवायची, फिके ठिपके विझवायचे, उरतात त्या चांदण्या. प्रत्येक गोष्टीचा थर वेगळा, काचेवर काच ठेवल्यासारखा. आणि ग्रह? शिवकन्या लाजली. तो गेल्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात नेलेला बाजरीचा उंडा, वाफवलेला गोळा, होता. भाज्यांच्या पातळ भज्जीत कुस्करण्याआधी तिने त्याचा फोटो काढला. उंड्यावर उमटलेले तिच्या बोटांचे तीन ठसे ग्रहावरची विवरं झाले होते.

आरोपाच्या चित्रातही तीच तीन विवरं होती.

सगळे थर असलेली मूळ फाइल फक्त घरच्या कॉम्प्युटरवर होती. बाहेर गेलं ते एकसंध चित्र.

दुसरा नंबर रविकांत सरांचा. लातुरातच त्यांचा कॉम्प्युटर क्लास. पहिलं आलेलं चित्र त्यांनी मोबाइलवर जपून ठेवलं होतं, दुःख उगाळायला. "आम्ही महागडं सॉफ्टवेअर घेऊन दुसरे आणि ही फुकटातली पहिली. जळतोय मी, हाव, लई जळतोय. पर मेल माझा न्हाई." भागवतने मनातल्या मनात त्यांना बेड्या घातल्या.

अहमदपूरच्या घरी नणंद महानंदा भाकरी थापत होती. वहिनी कॉम्प्युटरपुढे आणि चूल आपल्या माथी, वर सगळ्या भावकीत नाव तिचंच, असं तिने न विचारता सुनावलं. कॉम्प्युटर तिलाही लागायचा, पण मालिका बघण्यापुरता.

नवरा अमरनाथ बसस्टँडजवळ फ्लेक्सचं दुकान चालवायचा. बायकोला चित्रं कापायला-जोडायला त्यानेच शिकवलं होतं. तो वाढदिवसाचा बॅनर करत होता. चेहरा कापला, ठेवला, मागे सावली. पुढचा चेहरा, मागे सावली. बोलताना हात थांबत नव्हता.

"सावली न्हाई दिली तर मानूस चिकटवल्यावानी दिसतो," त्याने भागवतला हौसेने सांगितलं. मग महामायाबाईंना विचारलं, नांदेडचं काम गेलं तर बिघडलं काय, इथं काय कमी आहे?

ऊन उतरताना बाईंनी सगळ्यांना दुकानातच बोलावलं. रविकांत सरही लातूरहून आले, चोर सापडलेला बघायला.

"उंडा गेल्या येळवशीचा," महामायाबाई म्हणाल्या. "मग दोन वर्षांपूर्वीच्या चित्रात तो आलाच कसा? ते चित्र बनावट आहे, शिवकन्येच्याच चित्रावरून केलेलं. पण बाहेर गेलेल्या चित्रात अर्धा ग्रह धुक्याने झाकलाय आणि बनावट चित्रात तो सगळा स्वच्छ दिसतो. म्हणजे करणाऱ्याने मूळ फाइल उघडून धुक्याचा थर काढला. रविकांत सर जळले खूप, पण ती फाइल त्यांना मिळणं शक्य नव्हतं."

"म्हणजे महानंदाताई," भागवत घाईने म्हणाला.

"ग्रहामागे सावली आहे, भागवत. सावली पडायला मागे काहीतरी लागतं. अवकाशात काय भिंत आहे? शिवकन्येने ती दिली नव्हती, तिने विचार करून चित्र केलं होतं. महानंदाताईंना सावली देता येत नाही. फोटो कापला की सावली द्यायचीच, ही फ्लेक्सवाल्याच्या हाताची खोड. ग्रह मोकळा दिसला आणि हाताने आपलं काम केलं."

अमरनाथचा हात माउसवरून खाली आला.

"शिकवलं म्या," तो म्हणाला. "आन् आता दुकानात गिऱ्हाईक येतं ते इचारतं, बाई हायत का? बाईच्या हातचं पायजे. मी इथंच बसलेला असतो."

महामायाबाईंनी दालनाला फोन लावला. शिवकन्येने मूळ फाइल पाठवली, आणि थोड्याच वेळात काम तिचंच असल्याचा निरोप आला. महानंदा पदर तोंडाला लावून रडत होती. रविकांत सर, अभिनंदन करावं लागू नये म्हणून, केव्हाच सटकले होते.

शिवकन्या उठली तेव्हा अमरनाथने खाली बघतच विचारलं, "नांदेडला गेलीस तर वापस येशील का?"

"काल इचारलं असतं तर हाव म्हनले असते," ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरून गेली.