शिशाची अक्षरं

त्याचा चेहरा पाहण्याआधी मी त्याची नखं ओळखली.

सदर बाजारात कापडाच्या दुकानाच्या पडवीत मी पाऊस थांबायची वाट पाहत उभी होते. शेजारी एक उंच मुलगा छत्री झटकत होता. नखं अशी तपकिरी, जणू काथात बुडवलेली... रोज फिल्म धुणाऱ्या माणसाचीच नखं अशी होतात.

"तुम्ही... श्रीरंग कानडे?"

तो दचकला. मग माझ्या मनगटाकडे पाहून हसला. "अच्छा! घड्याळाच्या पट्ट्याला लाल दोरा. म्हणजे शरयूबाई!"

महिनाभर आम्ही एकमेकांचे फक्त हात पाहिले होते. लष्करी सामानाच्या फॅक्टरीच्या दवाखान्यात मी एक्स-रे काढत असे आणि पलीकडच्या अंधाऱ्या खोलीत तो फिल्म धूत असे. मधल्या भिंतीत खिडकी होती, तिला जाड काळे पडदे. मी पडद्यातून फिल्मची पेटी सरकवायची, तिकडून हात यायचा, पेटी जायची. गप्पाही पडद्यातूनच. तो मागच्या दारानं सातला येई, मी पुढच्या दारानं नऊला.

"मंडळाच्या सभेला चाललात?" त्यानं विचारलं.

"हो. पहिल्यांदाच."

"मग चूक आणली का?"

"कसली चूक?"

"चलो, छत्रीत या, सांगतो."

शहरातले एक्स-रेवाले, रेल्वेचे, लष्कराचे, आमच्यासारखे फॅक्टरीचे, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी एका शाळेच्या वर्गात जमत. तेच क्ष-किरण मंडळ. तिथे रीत अशी, की आधी आपली बिघडलेली फिल्म उजेडाच्या पेटीवर लावायची, चूक आपल्या तोंडानं सांगायची. कोणी रागवायचं नाही. एकच प्रश्न विचारायचा: पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं? ठरेल ते वहीत लिहून शहराबाहेर पनागरच्या छोट्या दवाखान्यापर्यंत सगळीकडे कळवायचं.

"माझी तर अजून चूकच झाली नाही," मी म्हटलं.

"मग तुम्हाला चहा नाही मिळणार." छत्री माझ्याकडे जरा जास्तच कलली होती. त्याचा डावा खांदा चिंब भिजला होता... आणि त्याला ते ठाऊकच नव्हतं. की होतं?

पुढच्या महिन्यात, पासष्टच्या सप्टेंबरात, लढाई पेटली. फॅक्टरीत पाळ्या वाढल्या, दवाखान्यात रांगा वाढल्या. फिल्म परदेशातून येत, त्या येईनाशा झाल्या. आमचे डॉक्टर विष्णुपंत मंडळाचे चिटणीसही होते. ते म्हणत, "एक फिल्म वाया म्हणजे एक आजारी माणूस तपासणीविना परत." मंडळानं आपसांत फिल्म वाटून घेतल्या, कोणाकडे किती ते ठरवलं. शिवाय एका माणसाला शिक्षणासाठी नागपूरला पाठवायचं ठरलं. नाव श्रीरंगचं निघालं.

त्या दिवशी पडद्यातून आवाज आला, "शरयूबाई, नागपूरहून काय आणू? संत्री?"

"संत्री तर इथंही मिळतात."

"मग काय आणू?"

"स्वतःला परत आणा म्हणजे झालं."

बोलले आणि कानशिलं तापली. त्याच नादात मी समोरच्या रोग्याची फिल्म काढली. नथ्थू नावाचा तो बुजुर्ग कामगार, धाप लागलेला.

अर्ध्या तासानं श्रीरंगनं विचारलं, "नथ्थूच्या फिल्मवर अक्षर नाही. डावी बाजू कोणती?"

फिल्म काढताना पेटीच्या कोपऱ्यावर शिशाचं इंग्रजी अक्षर ठेवायचं असतं, डाव्या बाजूचं एल किंवा उजव्या बाजूचं आर. मी विसरले होते. फिल्म काचेसारखी असते. उलटी धरली, की डाव्याचं उजवं होतं. एरवी हृदयाची सावली बाजू सांगते. पण नथ्थूच्या छातीत एका बाजूला पाणी भरलं होतं, ती बाजू फिल्मवर नुसती पांढरी, आणि हृदयच सरकलं होतं.

"विसरलात का?" श्रीरंगनं हळूच विचारलं.

हो म्हणायला हवं होतं. पण दुसरी फिल्म मागायची म्हणजे सगळ्यांसमोर कबुली. मला लाज वाटली. "नाही हो! पांढरी बाजू डावी. लिहून टाका."

त्यानं पांढऱ्या शाईनं फिल्मवर एल लिहिलं.

छातीतलं पाणी काढायला विष्णुपंतांनी सुई उचलली. नशीब, की टोचण्याआधी बोटांनी छाती ठोकून पाहायची त्यांची जुनी सवय होती. ते थांबले. पुन्हा ठोकलं. मग फिल्म हातात घेऊन ते तडक माझ्या खोलीत आले आणि श्रीरंगलाही तिथे बोलावलं.

"हे अक्षर कोणाचं?"

"माझं, सर," श्रीरंग म्हणाला.

"निरोगी बाजूला सुई घालणार होतो मी! नागपूरला पाठवायचं ते असल्या माणसाला? तुझं नाव कापलं."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. श्रीरंगनं माझ्याकडे पाहिलंही नाही. मी तोंड उघडलं... आणि मिटलं. व्हरांड्यात बाकावर बसलेला नथ्थू मला म्हणाला, "बिटिया, तुम काहे रो रही हो? हम तो बच गए."

त्यानंतर चार दिवस पडद्यातून हात यायचा, पेटी घ्यायचा, जायचा. शब्द नाही. पाचव्या दिवशी मीच म्हटलं, "रागवा तरी."

"काहून रागवू? लिहिलं तर मीच ना."

त्यापेक्षा त्यानं पेटी माझ्या डोक्यात घातली असती, तर बरं वाटलं असतं.

सभेच्या रविवारी मी कपाटातून ती फिल्म काढली आणि पदराखाली धरून शाळेत गेले. वर्गात वीस पुरुष, बाई मी एकटी. शेवटच्या बाकावर श्रीरंग. मी पुढे जाऊन फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. पांढऱ्या शाईचं अक्षर लख्ख दिसत होतं.

"ही चूक माझी आहे," मी म्हटलं. आवाज इतका बारीक, की विष्णुपंतांनी कानामागे हात धरला. "मी अक्षर ठेवायला विसरले. यांनी विचारलं, तेव्हा अंदाजानं सांगितलं. आणि यांना बोलणी बसली, तेव्हा... गप्प राहिले. ती चूक पहिलीहून मोठी."

मी जमिनीकडे पाहत होते. कोणीतरी रीतीप्रमाणे विचारलं, "पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं?"

"अक्षर नसेल, तर फिल्म पुन्हा काढायची. हातानं लिहायचं नाही."

"अन् फिल्म आणायची कुठून?" रेल्वेचे रामराव म्हणाले.

"नथ्थू कुठून आणणार होतो?" शेवटच्या बाकावरून आवाज आला. श्रीरंग उभा होता. "माझीही चूक मांडा. सांगताना त्यांचा आवाज थरथरला, ते मला ऐकू आलं होतं. तरी लिहिलं."

विष्णुपंतांनी चष्मा काढून पुसला, खूप वेळ पुसला. "मीही लिहून देतो. हस्ताक्षर पाहून मी माणूस ठरवला, चौकशी केली नाही. नागपूरला श्रीरंगच जाईल."

त्या दिवशी नियम ठरला: प्रत्येक खोलीत शिशाच्या अक्षरांची जोडी टांगलेली हवी. एक जरी हरवलं, तरी दुसरं मिळेपर्यंत खोली बंद. फॅक्टरीतल्या एका कारागिरानं शहरभरासाठी जोड्या ओतून दिल्या.

बाहेर पडलो, तेव्हा चहाचा कप माझ्या हातात होता आणि तो माझ्याशेजारी.

"आता मिळाला ना चहा?" तो म्हणाला.

"मला तोंड वर करवत नाही."

"नका करू. मला हात ओळखता येतात."

नागपूरला निघायच्या आदल्या दुपारी काळ्या पडद्यातून त्याचा हात आला. पेटी नव्हती. तळव्यावर शिशाचं एक नवं कोरं अक्षर, एल.

"हे काय? जोडी तर टांगली आहे खोलीत."

"ही जादा ओतून घेतली. आर माझ्या खिशात."

"मग माझ्याकडचं एकटं काय कामाचं?"

"तेच तर... एकटं ठेवायचं नाही, मंडळाचा नियम आहे. सहा महिन्यांनी मी येईन, तेव्हा जोडी लावायची का... विचार करून सांगा. अंदाजानं नको."

मी अक्षर उचललं. त्याचा हात तसाच राहिला, तपकिरी नखांचा, वाट पाहणारा. त्यावर मी माझा हात ठेवला.

"अंदाज नाही," मी म्हटलं. "यावेळी नीट पाहून सांगते आहे."