‘लपला’चा रकाना

“भाऊजी, सरडा गेला!”

“गेला म्हणजे वारला?”

“नाही हो. गेला म्हणजे नाहीच.”

फौजदारांनी फोन ठेवला आणि टोपी घातली. वनस्पती उद्यानाच्या काचघरातले प्राणी त्यांचा मेहुणा सांभाळायचा. त्याची नोकरी गेली, तर तो थेट बहिणीकडे, म्हणजे फौजदारांच्याच घरी राहायला येणार होता. इतका गंभीर गुन्हा त्यांच्या हद्दीत आजवर घडला नव्हता.

काचेची पेटी धुवायला मेहुण्याने आतली झाडं बाहेर काढली होती, तेव्हा हे उघडकीला आलं. कुलूप शाबूत. तळाशी नाकतोडेच नाकतोडे. मोठे, मधले आणि मुंगीएवढी पोरं.

“खायला किती टाकतोस?”

“रोज पाच. सगळे मोठे.”

नोंदवहीत दोनच रकाने होते : ‘दिसला’ आणि ‘लपला’. चार महिने सलग ‘लपला’.

“तुला काहीच वाटलं नाही?”

“लपणं हेच त्याचं काम, भाऊजी. मला वाटलं, कामात सुधारला.”

संचालक हात मागे बांधून उभे होते. “किल्ली याच्याकडे. चोर हाच. कालच मी सरड्याला बघितलं. जीभ काढून नाकतोडा गट्टम केला.”

फौजदारांनी पहिला ‘लपला’ शोधला. सही मेहुण्याची नव्हती.

“त्या आठवड्यात तू कुठे होतास?”

“तुमच्याकडेच की. रोज विचारायचात, कधी निघणार म्हणून.”

फौजदार खाकरले आणि संचालकांकडे वळले.

“सरडा काल जेवला असता, तर पेटीत नाकतोड्यांची नातवंडं खेळली नसती. तो चार महिने इथे नाही. हा रजेवर असताना किल्ली तुमच्याकडे होती. पहिला ‘लपला’ तुमच्या सहीचा आहे. सरडा तुम्ही घालवलात.”

संचालक खुर्चीत बसले.

“ऊन दाखवायला नेला हो. मिनिटभर मेंदीच्या कुंपणावर ठेवला. शिंक आली. डोळे उघडले, तर नुसतं कुंपण.”

“मग तसं लिहायचं होतं!”

“कुठल्या रकान्यात?”

फौजदारांनी नोंदवही मिटली. “तुमच्याविरुद्ध तक्रार कुणाकडे करायची?”

“माझ्याकडे.” संचालकांचा आवाज परत आला. “सरडा आवारातच आहे, म्हणजे चोरी झालेली नाही. तुमचं काम संपलं. पण चार महिने रिकामी पेटी सांभाळणारा माणूस मला ठेवता येणार नाही.”

त्यांनी तिथेच आदेश लिहिला. मेहुण्याने तो दोनदा वाचला आणि भाऊजींकडे बघितलं. फौजदार कुंपणाकडे बघत राहिले. कुंपण हिरवंगार होतं.

बाहेर येऊन त्यांनी घरी फोन लावला.

“सापडला का गुन्हेगार?” बायकोने विचारलं.

“सापडला.”

“मग आता?”

“आता काय! तुझ्या भावाचं पान वाढ.”