टिकली लावलेली फ्लॉपी

१९८९ सालच्या मे महिन्यातली दुपार. लेक आजोळी गेलेली. मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात नलिनीनं चहाचं आधण ठेवलं, कारण चार वाजता विद्याधर भावोजी कॉम्प्युटर साफ करायला यायचे होते. तिसऱ्यांदा. तिच्या नवऱ्याचे, चंद्रप्रकाशचे, ते जिवलग मित्र. तो जाऊन सहा महिने झाले तरी या माणसानं पाठ फिरवली नाही, याचं तिला फार अप्रूप वाटे.

आजारपणात चंद्रप्रकाशनं लेकीसाठी आठवणी टाइप करून ठेवल्या होत्या, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत, आठ फ्लॉप्यांवर. घरात प्रिंटर नव्हता, त्यामुळे कागदावर एक ओळ नाही. आठांपैकी सात फ्लॉप्या उघडल्या की आता नुसता कचरा दिसे.

"व्हायरस आहे, वहिनी," विद्याधर म्हणाले होते. "काही न करता फ्लॉपीच्या खाचेजवळचा लाल दिवा लागला, मेमरीचा आकडा घटला, की समजायचं, तो आत बसलाय. मग जी फ्लॉपी घालाल तिला चिकटतो. मला बोलवा. मी आहे ना."

कडेची खाच बुजवली की फ्लॉपीवर काही लिहिता येत नाही, हेही त्यांनीच सांगितलेलं. आठव्या फ्लॉपीच्या खाचेवर नलिनीनं आपली मोठी टिकली दुमडून चिकटवली. कपाळाला आता ती लागणार नव्हतीच.

विद्याधर आले. स्वतःची फ्लॉपी घालून त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं. "झालं साफ."

नलिनीनं पुढे होऊन मेमरीचा आकडा काढला. ६५३३१२. ते यायच्या आधी तिनं कॅलेंडरवर लिहून ठेवलेला आकडा होता ६५५३६०. साफ केल्यावर तो घटला होता.

"भावोजी... व्हायरस तुमच्याच फ्लॉपीत आहे ना?"

विद्याधरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"बिघडलं तरच बोलावता ना तुम्ही, वहिनी..." ते हळूच म्हणाले. "एरवी कशाला बोलावलं असतं..."

ज्याला घरचा मानला, त्यानंच केसानं गळा कापला होता, तोही तिच्या हातचा चहा पीत.

"माझ्या पोरीच्या बापाचे शब्द खाल्लेत तुम्ही. निघा."

ते गेले. तिनं दार नुसतं लोटून घेतलं. मशीन बंद करून स्वतःच्या मूळ, व्हायरस नसलेल्या फ्लॉपीनं सुरू केलं, आणि आठवी फ्लॉपी घातली.

मजकूर जागेवर होता. तिला तो पाठच होता. शेवटचं वाक्य, 'बाळा, समुद्राला घाबरू नकोस.'

त्याखाली आज आणखी एक ओळ होती.

'नलू, कडी लाव. तो अजून जिन्यात उभा आहे.'

नलू म्हणणारा एकच माणूस होता. तिनं फ्लॉपी बाहेर काढून चाचपली. टिकली घट्ट होती, कुठे कडाही सुटलेली नव्हती.

मग तिच्या ध्यानात आलं. विद्याधर बाहेर पडल्यावर जिना उतरणारी पावलं तिनं ऐकलीच नव्हती.